नागरिकत्वाची किंमत : कॅनडातील मूलनिवासींचा अनुभव

नागरी हक्क नाकारणे हा अन्याय होय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु हक्क देऊ करूनही अन्याय करता येतो. कॅनडातील मूलनिवासींचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

१८५७ साली तेथील वसाहतीच्या कायदेमंडळाने एक कायदा केला. इंग्रजी वा फ्रेंच लिहिता-वाचता येणाऱ्या, सद्वर्तनी व ऋणमुक्त मूलनिवासी पुरुषास पूर्ण नागरी हक्क मिळणार होते. त्याबदल्यात त्याने कायद्याच्या दृष्टीने 'इंडियन' असणे सोडावयाचे होते. (ऋणमुक्तीची ही कसोटी गोऱ्यांस लावली असती, तर त्यांतील किती जण उतरले असते?) १८७६ पर्यंत या मार्गाने गेलेला मनुष्य एकच. तरीही शासनास आपले धोरण चुकले असे वाटले नाही. त्या वर्षीच्या 'इंडियन ॲक्ट'ने ठरविले की, जो मूलनिवासी विद्यापीठाची पदवी घेईल, वकील वा धर्मोपदेशक होईल, त्याचा मूलनिवासी हा दर्जा आपोआप संपेल. आपल्या समाजाने पदवीकडे उद्धाराचे साधन म्हणून पाहिले. तेथे तीच पदवी माणसाला त्याच्या समाजापासून तोडीत होती. शिकलेला मनुष्य आपल्या लोकांच्या कामी येऊ नये, याची याहून नेमकी तजवीज आमच्या पाहण्यात नाही.

१८८० साली ही सक्ती सैल झाली. १९२० साली मात्र संमतीवाचून दर्जा काढून घेण्याचा अधिकार शासनाने स्वतःकडे घेतला. विरोधामुळे तो दोन वर्षांत मागे घ्यावा लागला. पुढे १९२७ पासून १९५१ पर्यंत जमिनीच्या दाव्यांसाठी परवानगीवाचून निधी जमविणेही गुन्हा ठरले होते.

दर्जा न गमावता संघीय मताधिकार सर्वांस मिळाला तो १९६० साली. नऊच वर्षांनी त्रुदो शासनाच्या श्वेतपत्रिकेने समतेच्या नावाखाली हा कायदा आणि तो दर्जा दोन्ही रद्द करण्याचे सुचविले. ज्यांनी त्या कायद्याचा जाच भोगला, त्यांनीच ही सूचना धुडकावली, कारण तिच्यासोबत करारांनी मिळालेले हक्कही बुडणार होते. अल्बर्टातील प्रमुखांनी १९७० साली 'सिटिझन्स प्लस' हे उत्तर शासनापुढे ठेवले : आम्ही नागरिक आहोतच, शिवाय करारांचे धनीही आहोत. श्वेतपत्रिका मागे पडली. १९८२ च्या राज्यघटना कायद्याच्या ३५ व्या कलमाने हे विद्यमान हक्क मान्य केले.

स्त्रियांस अधिक थांबावे लागले. बाहेरच्या पुरुषाशी विवाह केला की स्त्रीचा दर्जा जाई, पुरुषाचा मात्र जात नसे. हा भेद १९८५ साली कायद्यातून निघाला. त्या स्त्रियांच्या नातवंडांच्या दर्जाचा वाद त्यानंतरही न्यायालयांत चालत राहिला.