कामावरून कमी झालेला माणूस आणि त्याचा गाव

संप कोणी पुकारला, तो कोणी मोडला, गिरणी कोणत्या साली बंद पडली, याची नोंद इतिहासात सापडते. परंतु हिशेब चुकता करून जो माणूस पत्र्याची पेटी घेऊन गावी परतला, त्याचे पुढे काय झाले, याचे दप्तर कोणी ठेविलेले नाही. वैभववाडीकरांना हा प्रश्न परका नाही. करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या पायथ्याशी वसलेल्या आपल्या गावांचा एक पाय पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत होता. म्हणून आज आपण गिरणीचा इतिहास या परतीच्या वाटेवरून पाहू.

मुंबईची पहिली सूतगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. १९११ पासून १९३१ पर्यंतच्या तिन्ही खानेसुमारींत गिरणी कामगारांच्या जन्मजिल्ह्यांत रत्नागिरीचा क्रमांक पहिला लागतो. आणि आपला सिंधुदुर्ग १ मे १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग होता. भाताचे पीक वर्षाला पुरत नसे. कर्ता मुलगा गिरणीत, बायको व म्हातारी माणसे शेतावर आणि महिन्याकाठी मनीऑर्डर, अशी घराची घडी बसली. गिरणीमालकांची यात मोठी सोय होती. पगार एका माणसाचा द्यावयाचा. आजारपण, बाळंतपण आणि म्हातारपण गावाने सोसावयाचे.

१९२८ साली गिरण्या सुमारे सहा महिने बंद राहिल्या. एकेका कामगाराकडे जादा साचे देऊन बाकीच्यांना कमी करावयाचे, हा त्या संपातील कळीचा वाद होता. त्या काळात पुष्कळ कामगार गावी गेले आणि गावाने त्यांना पोसले. बेकारीचा विमा सरकारने उतरविण्यापूर्वी तो गावाने उतरविला होता. त्याचा हप्ता मात्र घरच्या बाईने भरला.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने या बाबतीत लक्ष घातले. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली. काम नसल्याने काही दिवस घरी बसविलेल्या कामगारास निम्मे वेतन, आणि कायमचे कमी केल्यास नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, असा हक्क ठरला. ही तरतूद न्यायाचीच होती. परंतु तिने गेलेल्या नोकरीची किंमत ठरविली. पुढच्या कामाची वाट दाखविली नाही.

ती वाट किती अवघड आहे, हे १८ जानेवारी १९८२ नंतर कळले. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. लाखाच्या घरात कामगार पुन्हा गिरणीत गेले नाहीत. गावाला महिना-दोन महिन्यांचा पाहुणा सांभाळण्याची सवय होती. आता कायमचा बेकार सांभाळावयाचा होता, आणि मनीऑर्डरही थांबली होती.

१९८६ साली केंद्र सरकारने कापडगिरणी कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला. गिरणी बंद पडलेल्या कामगारास पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत मिळावयाची. स्वतःचा धंदा काढल्यास ती थांबत नसे, हे तिचे शहाणपण होय. पण दारे अरुंद होती. सलग पाच वर्षांची नोकरी हवी. गिरणी रीतसर बंद झालेली हवी. गिरणी चालू आहे पण आपल्याला आत घेत नाहीत, असा संपकरी या दाराबाहेरच राहिला. बदली कामगाराने सलग नोकरी दाखवावी कशी? पुढे १९९२ साली राष्ट्रीय नवीकरण निधी निघाला. कामगारांना नवे काम शिकविणे हा त्याचा एक मुख्य हेतू होता. परंतु बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा देण्यातच संपला.

मग नवे काम कोणी शिकविले? दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. गिरणगावात खानावळी चालविणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. पुरुषाचा पगार बंद झाला तेव्हा अशा बायकांच्या चुलीवर अनेक घरे तगली. दुसरे उदाहरण कोकणातले. १९९० साली रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. लहान शेतकऱ्यास स्वतःच्या वरकस जमिनीत आंबा-काजू लावण्यासाठी खर्च मिळू लागला, आणि वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातील काजूच्या सुधारित जाती हाताशी होत्या. ही योजना गिरणी कामगारासाठी नव्हती. तरी पुनर्प्रशिक्षणाने जे करावयाचे तेच तिने केले: माणूस जेथे होता तेथे ती आली, आणि शिकताना मजुरी दिली.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. काजूचे कलम तीन-चार वर्षांनी फळ धरू लागते. पुनर्वसन निधीची मदतही तीनच वर्षांची होती. एका योजनेने झाड द्यावे आणि दुसरीने झाड वाढेपर्यंत पोट सांभाळावे, असा मेळ बसण्याजोगा होता. पण एक कचेरी गिरणीचा हिशेब पाही, दुसरी सातबाऱ्याचा. दोघींची गाठ घालणे हे कोणाचेच काम नव्हते. आणि ज्याच्या सातबाऱ्यावर साऱ्या भाऊबंदांची नावे, किंवा ज्याला जमीनच नाही, त्याचे काय, हा प्रश्न उरलाच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत नवे कौशल्य शिकण्यासाठी निधीची तरतूद आहे. कमी केलेल्या कामगारासाठी मालकाने या निधीत पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम भरावयाची आहे. तत्त्व मान्य झाले, हे चांगलेच. परंतु पंधरा दिवसांत चाळिशीचा माणूस कोणते काम शिकतो, हे साचेवाल्याच्या घरात विचारून पाहावे. १९९८ पासून कोकण रेल्वे आपल्या दारावरून धावते. आपली मुले आजही तिने मुंबईस जातात. गिरणीऐवजी गोदामात आणि कंत्राटी पहाऱ्यावर लागतात. त्यांचाही विमा अजून गावच आहे. तो हप्ता एकट्या घरच्या बाईने किती पिढ्या भरावयाचा, हे आता आपण ठरविले पाहिजे.