विश्वाचा चक्रवाढ विस्तार आणि एक मराठी मतभेद

आदिलाबाद जिल्ह्यातील तलमडुगु हे गाव महाराष्ट्राच्या सीमेपासून फारसे दूर नाही. तेलुगू, मराठी आणि गोंडी अशा तिन्ही भाषा कानी पडणारा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याची स्वतःची एक वेधशाळा होती, ही गोष्ट आता पुष्कळांच्या स्मरणातून गेली आहे. नबाब जाफर जंग या हैदराबादच्या सरदारांनी १९०१ च्या सुमारास केवळ हौसेपोटी तिचा पाया घातला. त्यांच्या पश्चात सरकारने ती आपल्या हाती घेतली. ही निजामिया वेधशाळा पुढे बेगमपेठेस स्थिरावली आणि अनेक राष्ट्रांच्या वेधशाळांनी वाटून घेतलेल्या एका प्रचंड कार्यातील आपला वाटा तिने उचलला. साऱ्या आकाशाची छायाचित्रे काचेच्या तबकड्यांवर घ्यावयाची आणि त्यांवरील एकेका ताऱ्याचे स्थान मोजून सूचीत नोंदवावयाचे, असे ते कार्य होते. हैदराबादकडे आकाशाचा उणे १७ ते उणे २३ अंशांमधला दक्षिणेकडील पट्टा आला. वैशाखातील रात्री तलमडुगुच्या शिवारातून दक्षिणेकडे पाहिले असता अनुराधा नक्षत्र दिसते. त्यातील काही तारे याच पट्ट्यात मोडतात.

लक्षावधी ताऱ्यांची ती मोजदाद वर्षानुवर्षे चालली. तिच्या मुळाशी एक शांत विश्वास होता. तारे आपापल्या जागी किंचित सरकतील, पुढच्या पिढ्यांना ते सरकणे मोजता यावे म्हणून तर ही सूची. परंतु एकूण विश्वाचा घाट मात्र आहे तसाच राहावयाचा. हा विश्वास काही हैदराबादेपुरता नव्हता. १९१७ साली आइन्स्टाइन यांनी आपल्या नव्या गुरुत्वसिद्धान्ताची समीकरणे संपूर्ण विश्वाला लावून पाहिली, तेव्हा ते विश्व स्थिर राहीना. मग त्यांनी समीकरणात एक जादा पद घालून त्यास स्थिर केले. समीकरण आपल्याला काय सांगत आहे, हे ऐकून घेण्याची त्या थोर पुरुषाचीही तयारी नव्हती.

वस्तुतः त्याच वर्षांत अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात व्हेस्टो स्लायफर हे ज्योतिर्विद अंधूक तेजोमेघांचे वर्णपट घेत होते. आगगाडी दूर जाऊ लागली की शिटीचा सूर उतरतो. तद्वत् दूर जाणाऱ्या दिव्याच्या वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे सरकतात. बहुतेक तेजोमेघ पृथ्वीपासून दूर चालले आहेत, असे स्लायफर यांना आढळले. रशियाचे फ्रीडमन यांनी १९२२ साली आणि बेल्जमचे धर्मगुरू लमेत्र यांनी १९२७ साली प्रसरणशील विश्वाचे गणित मांडले. १९२९ साली हबल यांनी दीर्घिका जितकी दूर तितका तिचा वेग अधिक, हा नियम निरीक्षणाने दाखवून दिला. मोजून ठेवलेले आकाश पसरत होते.

या इतिहासात एका नावाकडे सहसा दुर्लक्ष होते. हॉलंडचे विलेम द सिटर यांनी आइन्स्टाइन यांच्याच समीकरणांतून १९१७ साली एक चमत्कारिक विश्व काढून दाखविले होते. त्यात पदार्थ मुळीच नाही आणि त्यातील अंतरे सावकाराच्या चक्रवाढ व्याजाप्रमाणे वाढतात. ठराविक काळात दुप्पट, तेवढ्याच काळात पुन्हा दुप्पट, असे ते गणित. रिकाम्या विश्वाचा उपयोग काय, असे म्हणून ते बाजूस ठेवले गेले. परंतु पुढील सत्तर वर्षांत हे चक्रवाढीचे गणित दोनदा परत आले, आणि दोन्ही वेळा परस्परांच्या विरोधी पक्षांनी ते वापरले. त्या दोन वेळांच्या मधोमध कोल्हापुरात जन्मलेला एक गणिती उभा आहे.

गणित पहिल्यांदा परतले ते १९४८ साली. केंब्रिजचे हर्मन बाँडी, टॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉइल यांनी असे सुचविले की, विश्व प्रसरण पावते खरे, पण त्यास आरंभ नाही. दीर्घिका दूर गेल्याने पडणारी पोकळी नवा पदार्थ निर्माण होऊन भरून निघते. म्हणून विश्व सर्वकाळ सारखेच दिसते. एका घनमीटर जागेत अब्जभर वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू निर्माण झाला तरी पुरे. घनता घटत नाही, म्हणून विस्ताराचा दरही बदलत नाही. म्हणजे चक्रवाढ आली. विश्वाचा एके क्षणी आरंभ झाला, या प्रतिपक्षाच्या मतास हॉइल यांनी १९४९ साली बी. बी. सी. वरील भाषणात जे नाव दिले, त्याचे मराठी रूप ‘महास्फोट’. विरोधकाने नभोवाणीवर उच्चारलेला शब्दच त्या मताला कायमचा चिकटला, हा इतिहासाचा एक विनोदच होय.

जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरास झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक आणि सापेक्षतावादाचे जाणकार. मातोश्री सुमतीबाई संस्कृतच्या व्यासंगी. काशीस पदवी घेऊन जयंतराव १९५७ साली केंब्रिजला गेले आणि पुढे हॉइल यांचे संशोधक-शिष्य झाले. शिष्यत्वास आरंभ होतो न होतो तोच कसोटीचा प्रसंग आला. केंब्रिजचेच मार्टिन राइल यांनी १९६१ च्या फेब्रुवारीत रेडिओलहरी सोडणाऱ्या दूरस्थ पिंडांची गणना जाहीर करून स्थिरस्थितीचा सिद्धान्त खोटा ठरल्याचे सांगितले. राजज्योतिष संस्थेच्या सभेत हॉइल यांना हजर राहता येईना. तेव्हा उत्तर देण्याचे काम बावीस वर्षांच्या या विद्यार्थ्यावर आले. दीर्घिकांचे मोठमोठे पुंज आणि त्यांमधील रिक्त प्रदेश लक्षात घेतले तर राइल यांच्या आकड्यांचा निराळा अर्थ लावता येतो, अशी त्यांची बाजू होती. एवढ्या मोठ्या पुंजांची कल्पना तेव्हा फारशी कोणी मानीत नसे. पुढे असे महापुंज सापडले. तरीही राइल यांच्या गणनेचा मुख्य रोख कालांतराने खराच ठरला, हेही सांगावयास हवे.

१९६४ साली हॉइल व नारळीकर यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धान्ताची वार्ता जगभर गेली आणि १९६५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, नारळीकरांस पद्मभूषण मिळाले. दैव असे की, त्याच वर्षी त्यांच्या पक्षावर सर्वांत मोठा आघात झाला. अमेरिकेत आर्नो पेन्झियस व रॉबर्ट विल्सन या दोघांना आपल्या रेडिओ दुर्बिणीत एक न हटणारी गुणगुण ऐकू येत होती. यंत्राच्या शिंगात घरटे करणारी कबुतरे हाकलली, त्यांची घाण साफ केली, तरी गुणगुण जाईना. ती आकाशाच्या सर्व दिशांनी सारखीच येत होती. निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम तीन अंश तापमानाचे हे प्रारण म्हणजे तप्त आरंभाची उरलेली ऊब होय, असा अर्थ लावला गेला. पुष्कळांनी स्थिरस्थितीचा पक्ष सोडला.

नारळीकरांनी तो सोडला नाही. पण ते होते तेथेच अडूनही राहिले नाहीत. १९६६ साली रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात हॉइल व नारळीकर यांचा जो निबंध आला, तो आपल्याच मतापासून केलेली मोठी फारकत होती. पदार्थाची निर्मिती घडविणारे क्षेत्र पुष्कळ अधिक बलवान मानले, तर विश्व मूलतः अतिशय घन आणि अतिशय वेगाने चक्रवाढीने फुगणारे असेल. त्यात कोठे तरी निर्मिती थांबते. तेवढ्या भागाचा विस्तार मंदावतो आणि फुगणाऱ्या पार्श्वभूमीत एक बुडबुडा तयार होतो. मनुष्याला दिसणारे सारे विश्व अशा एका बुडबुड्याच्या आत आहे! निबंधाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पराभूत पक्षाचे कागद कोण वाचतो?

आता दुसरे पुनरागमन. महास्फोटाचा पक्ष विजयी झाला खरा, पण त्याच्या घरात एक कोडे होते. आकाशाच्या दोन समोरासमोरच्या टोकांकडून येणाऱ्या त्या प्रारणाचे तापमान जवळजवळ तंतोतंत सारखे. तप्त आरंभापासून हे प्रारण मोकळे होईपर्यंत सुमारे तीन लक्ष ऐंशी हजार वर्षे गेली. तेवढ्या अवधीत प्रकाशसुद्धा त्या दोन टोकांमध्ये पोहोचू शकला नसता. ज्यांची कधी गाठच पडली नाही, अशा दोन गावांतील सर्व घड्याळे एकच वेळ दाखवू लागावीत, तसा हा प्रकार. १९७९ च्या डिसेंबरात ॲलन गुथ या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञास त्याचे उत्तर सुचले. १९८१ च्या जानेवारीत ते प्रसिद्ध झाले. रशियात स्टारोबिन्स्की आणि जपानात कात्सुहिको सातो हेही त्याच सुमारास तशाच विचारापर्यंत पोहोचले होते.

पाणी सावकाश थंड केले तर कधी कधी शून्य अंशाखालीही ते गोठत नाही, द्रवच राहते. बालविश्वही असेच एका अवस्थेत अडकून राहिले, असे गुथ यांचे म्हणणे. त्या अवस्थेत निर्वातातच ऊर्जा साठलेली असते आणि विस्तार झाला तरी तिची घनता घटत नाही. घनता घटत नाही म्हणजे पुन्हा चक्रवाढ. एका सेकंदाचे एकावर छत्तीस शून्ये इतके भाग करावेत, अशा एखाद्या भागाच्या आसपास हा खेळ सुरू झाला आणि तितक्याच अल्प काळात विश्वाचा आकार ऐंशी-नव्वद वेळा दुप्पट झाला. बुद्धिबळाच्या पटावरील चौसष्ट घरांत दुप्पट-दुप्पट धान्य मांडताना राजाचे कोठार रिते झाले, ती गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. येथे घरे त्याहूनही अधिक आहेत. एका इवल्याशा भागाचे आजचे दृश्य विश्व झाले असेल, तर त्याच्या सर्व टोकांचे तापमान सारखे असण्यात नवल राहत नाही; ती टोके एकेकाळी शेजारीच होती. अमेरिकेत तो काळ महागाईचा होता, आणि चलनफुगवट्याला इंग्रजीत जो शब्द आहे तोच गुथ यांनी या फुगवट्याला दिला.

गुथ यांच्या मूळ मांडणीत दोष होता, तो त्यांना ठाऊकही होता. त्यांचे बुडबुडे एकमेकांत नीट मिसळत नव्हते. १९८२ साली आंद्रे लिंडे यांनी, आणि स्वतंत्रपणे आल्ब्रेख्ट व स्टाइनहार्ट यांनी, त्यातून वाट काढली: आपले सारे विश्व एकाच बुडबुड्याच्या आत मानावयाचे. १९६६ चा निबंध ज्याने वाचला असेल, त्याला हे शब्द ओळखीचे वाटतील. दोहोंत भेद आहेच. नारळीकरांच्या विश्वात फुगवटा अखंड चालतो आणि पदार्थनिर्मितीचे क्षेत्र तो घडविते; गुथ-लिंडे यांच्या मूळ मांडणीत तो क्षणार्धात संपतो आणि निर्वाताची ऊर्जा तो घडविते. पण घनता न घटता फुगणारी पार्श्वभूमी आणि तीत शांत झालेला आपला बुडबुडा, हा सांगाडा एकच आहे. नारळीकरांनी पुढे हे साम्य दाखवून दिले, आणि ते योग्यच होते.

मग फुगवट्याला जगाने का स्वीकारले? केवळ कोडे सुटले म्हणून नव्हे. १९८२ सालीच त्याच्या पुरस्कर्त्यांनी एक भाकीत केले: त्या पहिल्या अवस्थेतील सूक्ष्म पुंज-कंपने ताणली जाऊन प्रारणाच्या तापमानात अत्यल्प चढउतार उरले पाहिजेत, आणि त्यांतूनच पुढे दीर्घिका वाढल्या असल्या पाहिजेत. १९९२ साली कोबे या उपग्रहाला लाखात एक इतक्या प्रमाणाचे ते चढउतार सापडले. त्यानंतरच्या डब्ल्यूमॅप व प्लँक या उपग्रहांनी त्यांचे बारकावे मोजले, तेही भाकिताशी जुळले. स्थिरस्थितीपक्षाला असे भाकीत आधी करून दाखविता आले नव्हते. वादाचा निकाल बव्हंशी येथे लागला.

नारळीकर १९७२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले आणि १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ ही आंतरविद्यापीठ संस्था उभारून तिचे पहिले संचालक झाले. त्यांचा आक्षेप शेवटपर्यंत कायम राहिला: ज्या ऊर्जेची कल्पना करावयाची, ती पृथ्वीवरील कोणत्याही प्रयोगशाळेच्या आटोक्याबाहेर कोट्यवधी पटींनी असताना, तीवर एवढी इमारत कशी रचावी? परंतु त्यांची रीत पाहण्याजोगी आहे. १९८५ साली ताणू पद्मनाभन यांच्यासह त्यांनी दाखविले की, निर्मितिक्षेत्राच्या मार्गानेही तेच कोडे सोडविता येते. १९९१ साली त्याच दोघांनी ज्योतिर्विदांसाठी फुगवट्याच्या सिद्धान्ताचा विस्तृत आढावा लिहिला. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडून मग त्यावर बोट ठेवले. १९९३ साली हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारलेले स्थिरस्थिती विश्व पुढे केले. त्यात ती तीन अंशांची ऊब धातूंच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा सोडलेला ताऱ्यांचा प्रकाश होय, असा दावा होता. तो फार थोड्यांना पटला, आणि प्रारणाचे इतके नितळ स्वरूप पाहता ते स्वाभाविकही होते. आयुकातील कित्येक तरुण संशोधक महास्फोटाच्या बाजूचेच काम करीत. संचालकांचे मत निराळे म्हणून त्यांना अडविले गेले नाही. २० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यात निवर्तले.

त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता, याचा प्रत्यय एकदा आला. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील बायसेप या दुर्बिणीच्या गटाने फुगवट्यातून उठलेल्या गुरुत्वलहरींची खूण सापडल्याचे जाहीर केले आणि सर्वत्र जयघोष झाला. पुढील वर्षी प्लँकच्या नोंदींशी मेळ घालून पाहता ती खूण मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतील धुळीची निघाली. आदिलाबादच्या पश्चिमेस, नांदेड जिल्हा ओलांडल्यावर, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ चार-चार किलोमीटर भुजांची गुरुत्वलहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिचे काम मात्र कृष्णविवरांच्या टकरींसारख्या घटना टिपण्याचे आहे. आरंभीच्या फुगवट्याच्या लहरी इतक्या लांब आणि क्षीण असावयाच्या की, त्या तिच्या भुजांत मावणार नाहीत. त्यांचा शोध प्रारणाच्या ध्रुवीकरणातच घ्यावा लागतो. २०२१ साली बायसेपच्या गटाने दिलेल्या निकालानुसार, अशा लहरींचे बळ पदार्थाच्या घनतेतील चढउतारांच्या मानाने शेकडा चाराहून कमीच असले पाहिजे. फुगवट्याची काही सोपी गणिते एवढ्यानेच बाद झाली आहेत.