विहारयात्रेचा दगड

तळ्याकाठी तंबू ठोकून राहायची टूम पुतण्याने काढली. मी तुळिंजचा. म्हणजे रेल्वेच्या भाषेत नालासोपारा पूर्व. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये शिरणं हाच ज्याचा आयुष्यभराचा मैदानी खेळ, त्याला साहसाचं कौतुक कुणी सांगू नये. पण पुतण्या ऐकेना. "काका, पवनेच्या काठी जाऊ. होडी, गळ टाकून मासे, शेकोटी, रात्री तारे. तुम्ही नुसतं बसायचं." एवढं काम मला झेपण्यासारखं होतं.

सहलीआधी त्या विषयाचा इतिहास वाचून काढायची मला वाईट खोड आहे. त्याने सहल सुधारत नाही, पण बरोबरच्यांना लवकर झोप लागते. या खेपेला फार लांब जावं लागलं नाही. स्टेशनचा पूल उतरून पश्चिमेला गेलं की सोपारा. प्राचीन शूर्पारक, मोठं बंदर. तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी बुरूड राजाचा कोट म्हणतात ती टेकडी खणली आणि आत बौद्ध स्तूप निघाला. मधोमध दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, असं करत करत शेवटी सोन्याचा. आणि त्या सोन्याच्या करंड्यात काय, तर मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे! ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे, अशी श्रद्धा. (आमच्याकडे फुटक्या कपाचे तुकडे निघाले तर सौ. करंडा नाही, केरसुणी आणते.)

पण माझं लक्ष गेलं ते त्याच साली पंडितजींना सापडलेल्या दुसऱ्या वस्तूकडे. भातेला तळ्याजवळ त्यांना एक फुटका दगड मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरं. हा गृहस्थ जन्माने जुनागडचा, गिरनारच्या पायथ्याशी असलेला अशोकाचा शिलालेख लहानपणापासून डोळ्यांसमोर. तुकड्यावरच्या थोड्याशा अक्षरांवरून त्यांनी ओळखलं, की हा अशोकाचा आठवा लेख.

आणि या आठव्या लेखाचा विषय कोणता म्हणाल? सहल! थट्टा नाही. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, शिकार आणि तसल्या करमणुकी करत, असं अशोक आधी सांगतो. पुढे म्हणतो, की राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर आपण बोधगयेला गेलो, आणि तेव्हापासून आपल्या धर्मयात्रा सुरू झाल्या. त्यात करायचं काय, त्याची यादीच दिली आहे. ब्राह्मण-श्रमणांना भेटायचं, दान द्यायचं. वृद्धांना भेटायचं, त्यांना सोनं द्यायचं. खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटायचं, धर्माच्या चार गोष्टी सांगायच्या, विचारायच्या. यातच आपल्याला जास्त आनंद वाटतो, असंही तो म्हणतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आमच्या तळ्याकाठी सहलीच्या कार्यक्रमाचा दगडी फलक लागला होता, आणि मी मात्र पवनेच्या तंबूचे भाव विचारत होतो!

गंमत इथेच संपत नाही. अशोकाच्या अशा मोठ्या लेखांचा संच चौदांचा. महाराष्ट्रात तो फक्त सोपाऱ्याला होता, आणि त्यातले दोनच तुकडे हाती लागले. दुसरा १९५६ साली जवळच्या भुईगावला मिळाला, तो नववा लेख. त्यात अशोक म्हणतो, लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर आणि प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात, आणि बायका तर फारच क्षुल्लक विधी करतात. मी हे सौ.ला वाचून दाखवलं. ती माझ्या तळहातावर दही घालत होती. "त्याच्या बायकोने घातलं नसेल," एवढंच म्हणाली. दोन्ही दगड आता मुंबईला, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. सोपारेकराला आपला दगड पाहायचा तर लोकलच गाठावी लागते.

असो. पवनेला गेलो. तंबूत शिरताना वाकावं लागतं आणि निघताना रांगावं लागतं. गळाला मासा लागला नाही, माझी बाही लागली. संध्याकाळी पोरं होड्या घेऊन पाण्यात गेली आणि मी नेमून दिलेलं बसण्याचं काम करू लागलो. तंबूंची राखण करणारे एक आजोबा शेकोटीची लाकडं रचत होते. अशोकाच्या यादीतली निदान एक बाब उरकावी म्हणून विचारलं, "बाबा, गाव कुठलं तुमचं?"

त्यांनी पाण्याच्या मध्याकडे बोट केलं. "त्ये काय, तितं."

सत्तरीच्या दशकातलं हे धरण. त्याच्या पाण्याखाली गावं गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतं, हे मी वाचलेलं होतं. पण ज्याचं घर खाली आहे असा माणूस शेजारी बसलेला नव्हता. त्यांनी सांगितलं, विहीर कुठे, चिंच कुठे, अंगण कुठे. पुतण्या नेमका त्या अंगणावरून होडी वल्हवत मला हात करत होता. मी हात वर केला, पण अर्धाच.

द्यायला सोनं नव्हतं. डब्यातल्या दोन वड्या दिल्या.

"तुमच्या गावाला न्हाई का तळं?" आजोबांनी विचारलं.

"आहे की. चक्रेश्वराचं आहे, भातेल्याजवळ तर..."

"मग हितवर कशापायी आला?"

"एक दगड वाचला, म्हणून."

"कसला दगड?" म्हणत त्यांनी शेकोटीत एक ओंडका सरकवला आणि मांडी घातली. मी सांगायला घेतलं.