बंगलोर ब्लू

बंगलोर ब्लू : बंगळुरूच्या आसपास पिकणारी, बियांची, गर्द जांभळी द्राक्षजात. बंगळुरू शहर, बंगळुरू ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर आणि कोलार हे तिचे मुख्य जिल्हे. लागवड दीडशे वर्षांहून जुनी समजली जाते. 2013 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. मणी लहान व लांबट गोल. साल गरापासून चटकन सुटते. रस जांभळा, त्याचा गोडवा 16 ते 18 अंश ब्रिक्स. उपयोग रस, जॅम आणि गोड वाइनसाठी. खाण्यासाठीही ती विकली जाते. बहुतेक ग्रंथकार ही जात आणि अमेरिकेतील इसाबेला एकच मानतात. प्रस्तुत नोंदीतही तसेच धरले आहे.

वनस्पतिशास्त्रीय स्थान : व्हिटिस लॅब्रुस्का या उत्तर अमेरिकी प्रजातीत तिची गणना करण्याचा प्रघात आहे. काटेकोर बोलायचे तर इसाबेला हा लॅब्रुस्का व युरोपीय व्हिटिस व्हिनिफेरा यांचा संकर होय. नाशिक-तासगावकडची थॉम्सन, सोनाका, शरद ही द्राक्षे व्हिनिफेरा. त्यांच्याशेजारी बंगलोर ब्लू ठेवली की फरक आधी नाकाला कळतो. तिचा उग्र गोड वास मुख्यतः मिथिल अँथ्रानिलेट या द्रव्याचा असतो. वाइनच्या जाणकारांना तो सहसा रुचत नाही, रस पिणाऱ्याला मात्र हाच द्राक्षाचा खरा वास वाटतो.

लागवड : समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंची आणि सौम्य हवा. वेल मांडवावर चढवतात. महाराष्ट्रातील बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून वर्षाकाठी एकच पीक घेतो. बंगलोर ब्लूच्या काडीवर फलधारक डोळे सहज तयार होतात, त्यामुळे दोन्ही छाटण्यांना माल लागतो आणि वर्षात दोन पिके निघतात. छोट्या शेतकऱ्याने ही जात धरून ठेवली त्याचे हे एक मोठे कारण. दुसरे म्हणजे कमी औषधफवारणी.

रोग : तांबेरा व करपा यांना दाद देत नाही, केवड्याला बळी पडते.

इटलीतील इसाबेला : विल्यम प्रिन्स या अमेरिकी रोपवाटिकाचालकाने 1816 च्या सुमारास हा वेल प्रसारात आणला. 1845 नंतर युरोपातील बागांवर भुरी पसरली, तेव्हा तिला तोंड देणारा वेल म्हणून इसाबेलाला मागणी आली. मुळांवर जगणारी फिलॉक्सेरा ही कीडही अशाच अमेरिकी रोपांबरोबर युरोपात शिरली; इटलीत ती 1879 मध्ये आढळली. उत्तर इटलीत, विशेषतः व्हेनेतो व फ्रिउली भागांत, इसाबेला घराघरांच्या मांडवावर गेली. स्ट्रॉबेरीसारख्या वासामुळे तेथे ती ‘उव्हा फ्रागोला’ आणि तिची वाइन ‘फ्रागोलीनो’ म्हणून ओळखली जाते.

ही वाइन आज इटलीत कायदेशीरपणे विकता येत नाही. 1930 च्या दशकात तेथील कायद्यांनी अशा अमेरिकी वेलांवर बंधने घातली. फ्रान्सनेही त्याच दशकात सहा जातींवर बंदी आणली आणि पुढे युरोपीय संघाच्या नियमांत त्याच सहा जाती नावानिशी आल्या. इसाबेला त्यांपैकी एक. द्राक्ष म्हणून ती विकायला हरकत नाही, घरी प्यायला वाइन केली तरी कोणी विचारत नाही. दुकानात फ्रागोलीनो नावाने मिळणारी बाटली बहुधा वासाची भर घातलेले गोड पेय असते. बंदीचे कारण मिथेनॉलचे प्रमाण असे सांगितले गेले. अतिउत्पादन रोखणे आणि जुन्या वाइनांचा दर सांभाळणे हा हेतू होता, असेही अभ्यासक म्हणतात. दुसरे कारण अधिक पटण्याजोगे आहे.

प्रतवारी : जी जात एका देशात मानांकित ती दुसऱ्या देशात वाइनच्या पिंपाबाहेर, याचे मूळ दोन्हीकडच्या कायद्यांच्या घडणीत आहे.

इटलीत प्रदेशाची सीमा आखण्याची परंपरा जुनी. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने 1716 मध्ये फर्मान काढून क्यांती, पोमिनो, कार्मिन्यानो आणि वरचे आर्नो खोरे या चार प्रदेशांच्या हद्दी ठरवल्या. आजची व्यवस्था 1963 च्या कायद्याची. तिच्यात डीओसी व त्यावरचा डीओसीजी असे दर्जे आहेत. वरच्या दर्जाची पहिली नावे 1980 मध्ये जाहीर झाली, त्यांत बारोलो व ब्रुनेल्लो दि मोंतालचिनो होती. दर्जा द्राक्षाला नसून वाइनला मिळतो आणि त्यामागे नियमांची वही असते: जात कोणती, हेक्टरी उतारा किती, अल्कोहोल किमान किती, किती महिने मुरवायची. ब्रुनेल्लोत केवळ सांजोव्हेसे चालते. क्यांती क्लासिकोत ते किमान 80 टक्के हवे. बारोलो नेब्बिओलोची आणि किमान 38 महिने, त्यांपैकी 18 लाकडात, मुरलेली हवी.

वही कधी चुकतेही. 1967 च्या नियमांनी क्यांतीत पांढऱ्या द्राक्षांची भर सक्तीची केली होती. ती झुगारून केलेली तिन्यानेल्लो, तसेच काबेर्ने सोव्हिन्योंची सास्सिकाया, या वाइना सर्वांत खालच्या ‘टेबल वाइन’ वर्गात राहून डीओसी बाटल्यांपेक्षा महाग विकल्या गेल्या. ही विसंगती मिटवण्यासाठी 1992 मध्ये आयजीटी हा सैल वर्ग काढण्यात आला.

भारतात 1999 चा भौगोलिक मानांकन कायदा 2003 पासून अमलात आहे. तो नावाचे रक्षण करतो, वाइनची उतरंड लावत नाही. बंगलोर ब्लूचे मानांकन फळाचे आहे. त्या फळाच्या वाइनबद्दल ते काही बोलत नाही. ‘नाशिक व्हॅली वाइन’ हे नाव मात्र वाइन म्हणूनच नोंदलेले आहे. कर्नाटकाने 2007 मध्ये द्राक्षप्रक्रिया व वाइन धोरण आणले. राज्याच्या वाइन मंडळाच्या विभागणीत नंदी, कृष्णा व कावेरी अशी तीन खोरी येतात. त्यांतून द्राक्ष कुठले ते समजते, बाटलीत काय असावे ते नाही. कृष्णा खोऱ्यात बेळगाव, विजयपूर, बागलकोट येतात. पलीकडचे सांगली-सोलापूर हवामानाने त्यांचेच भाऊबंद, पण राज्याची हद्द ओलांडणारे वाइनचे नाव अजून कोणी काढलेले नाही.

वाइन : 17 ब्रिक्सच्या रसातून जेमतेम साडेनऊ टक्के अल्कोहोल निघते. म्हणून बंगलोर ब्लूची वाइन बहुधा साखर घालून गोड केली जाते. गोव्यातील ‘पोर्ट वाइन’ उद्योगाचा मोठा कच्चा माल हाच. पोर्तुगालमधील दोउरू खोऱ्याची हद्द 1756 मध्ये ठरली. तेथील पोर्टमध्ये आंबणे थांबवण्यासाठी द्राक्षाचे मद्यार्क घालतात. गोव्यात मुख्यतः नाव उरले.

नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी दोड्डबळ्ळापूर येथे कंवल ग्रोव्हर यांनी 1988 मध्ये काढलेल्या कंपनीने बंगलोर ब्लू बाजूला ठेवून फ्रेंच जाती लावल्या. पहिली वाइन 1992 ची. 2012 मध्ये नाशिकच्या झाम्पाशी विलीनीकरण झाले. बंगळुरूच्या जॉन डिस्टिलरीजच्या बिग बनियन वाइनांसाठी लुचो मात्रिकार्दी हा इटालियन वाइनकार आला. इटालियन जातीही आल्या, त्या बंगळुरूपासून दूर: हंपी परिसरात क्रस्मा आणि अकलूजला फ्रातेल्ली यांनी सांजोव्हेसे लावले. फ्रातेल्लीत सेक्ची, सेखरी व मोहिते-पाटील ही तीन घरे भागीदार. वाइनकार तोस्कानाचे पिएरो मासी. त्यांच्या ‘सेत्ते’त सांजोव्हेसेबरोबर काबेर्ने सोव्हिन्यों असते, म्हणजे तिन्यानेल्लोचीच जोडी. अकलूजच्या सांजोव्हेसेवर उताऱ्याची वा मुरवणीची कोणतीही वही लागू नाही.

संकरित वाण : हेसरघट्टा येथील भारतीय बागायती संशोधन संस्थेने बंगलोर ब्लू मातृवाण धरून दोन वाण काढले: ब्लॅक चंपाशी संकर करून अर्का श्याम आणि कॉन्व्हेंट लार्ज ब्लॅकशी संकर करून अर्का तृष्णा. दोन्हींची शिफारस वाइनसाठी आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एआरआय-516 हा रसाचा वाण लॅब्रुस्का गटातील कॅटॉबा आणि व्हिनिफेरा गटातील ब्यूटी सीडलेस यांचा संकर असून बंगलोर ब्लूशी त्याचा संबंध नाही.