फिरतं कोर्ट आणि गायब झालेली आजी

आजचा एपिसोड छोटा आहे, पण गोष्ट भारी आहे.

साल 1857. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं मेटामोरा हे लहानसं गाव. तिथे 1845 मध्ये बांधलेल्या विटांच्या कोर्टात सत्तर वर्षांच्या मेलिसा गोइंग्जवर नवऱ्याच्या खुनाचा खटला उभा राहिला. नवरा गळा दाबत होता, म्हणून सरपणाचं लाकूड मारलं, असं तिचं म्हणणं. गावाला तिची दया येत होती. वकील होते अब्राहम लिंकन. ते तिच्याशी बोलायला बाजूला गेले, आणि थोड्या वेळाने बघतात तर आजी गायब! असं सांगतात, की चांगलं पाणी कुठे मिळेल, असं तिने विचारलं आणि टेनेसीत फार छान पाणी मिळतं, एवढंच लिंकन म्हणाले. टेनेसी म्हणजे दुसरंच राज्य! पुढे सरकारने खटला सोडून दिला.

पण स्प्रिंगफील्डला राहणारे लिंकन इथे कसे? तर त्या काळी छोट्या गावांत कोर्टाची इमारत असायची, पण वर्षभर पुरतील एवढे खटले नसायचे. त्यामुळे न्यायाधीश वसंतात आणि शरदात दौऱ्यावर निघायचे आणि वकील घोड्यावरून किंवा बग्गीतून त्यांच्यासोबत. लिंकन ज्या आठव्या सर्किटमध्ये फिरले, त्यात एके काळी 14 काउंटी होत्या. एका फेरीला दोन-अडीच महिने लागायचे. रात्री खानावळीत एका पलंगावर दोन-दोन वकील. तिथले न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस मात्र इतके धिप्पाड, की त्यांना वेगळा पलंग!

या दोस्तीची किंमत मोठी. 1860 मध्ये शिकागोच्या अधिवेशनात लिंकनना उमेदवारी मिळावी म्हणून सूत्रं हलवली ती डेव्हिसनीच. 1862 मध्ये लिंकननी त्यांना सुप्रीम कोर्टावर नेमलं.

मला खटकतं ते इथेच. दिवसा ज्यांच्यासमोर युक्तिवाद, रात्री त्यांच्याशीच गप्पा. डेव्हिस नसले की कधीकधी लिंकनच त्यांच्या खुर्चीत बसायचे! न्याय दारापर्यंत यायचा हे खरं, पण तो चालायचा ओळखीपाळखीवर. मेलिसाला गाव ओळखत होतं. आणि ज्याला कुणीच आपलं मानत नव्हतं, त्याचं काय? याच इलिनॉयमध्ये 1865 पर्यंत काळ्या माणसाला गोऱ्याविरुद्ध कोर्टात साक्षसुद्धा देता येत नव्हती.

मेटामोराची ती इमारत आजही उभी आहे. आजीची गोष्ट सांगाल, तेव्हा ही दुसरी बाजूही सांगा. भेटू पुढच्या भागात!