नखापासून हिऱ्याच्या सुईपर्यंत
मागच्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यात गुळगुळीतपणा ठरवायचं कोण? कारागिराचं नख आणि डोळा. आता बघा, देणाऱ्याचं नख वेगळं, घेणाऱ्याचं वेगळं. वाद मिटणार कसा?

उत्तर मिळालं सुईतून. १९४१ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या टेलर, टेलर अँड हॉब्सन कंपनीचं ‘टॅलीसर्फ’ आलं. हिऱ्याची सुई पृष्ठभागावरून फिरते. मधल्या रेषेपासूनचे चढउतार सरासरी किती, तो आपला ‘आरए’.

पण सरासरी फसवते. एका शाफ्टवर टोकदार उंचवटे, दुसऱ्यावर नुसते खोल चरे. आरए मात्र सारखाच येऊ शकतो. पहिला बेअरिंग झिजवतो, दुसरा तेल धरून ठेवतो. अ‍ॅबट आणि फायरस्टोन यांनी अमेरिकेत १९३३ मध्येच यासाठी आलेख मांडला होता: कुठल्या खोलीवर भार पेलायला किती धातू आहे?

म्हणून ड्रॉइंगवर आरए लिहिण्याआधी आपण विचारू या, हा पृष्ठभाग काम काय करणार?