अकोल्यात शिकलेलं एक गरिबाचं पोर

मागच्या बैठकीत आमच्या गटातली एक बाई म्हणाली, "माझी पोरगी दुसरीत आहे. गणित सगळ्यांच्या आधी करते, मग शेजारणीशी बोलते. मास्तर म्हणतात, लई वांड आहे." आम्ही हसलो, आणि मग गप्प झालो. पोरगी वांड नव्हती, तिचं काम संपलेलं होतं. त्यावरून आम्हाला आपल्याच अकोल्याची एक जुनी गोष्ट आठवली.

गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म १८५६ सालचा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरात दारिद्र्य. शिक्षण सारखं तुटायचं. कधी कचेरीत कारकुनी केली, कधी दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं. शिकायला रत्नागिरीला गेले, तिथूनही परत यावं लागलं. शेवटी नातेवाइकांच्या आधारानं ते अकोल्याला आले. इथल्या हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनी होते. या पोराची हुशारी त्यांनी ओळखली आणि त्याला हात दिला. १८७५ साली आगरकर मॅट्रिक झाले आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात गेले. तिथं अंगावर एकच सदरा होता. तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा.

पुढं ते 'केसरी'चे पहिले संपादक झाले. १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला. मुलींना मुलांसारखंच शिक्षण द्या, आणि तेही एकत्र बसवून द्या, असं त्यांनी त्या काळात लिहिलं. लोकांच्या शिव्या खाल्ल्या, पण मागं हटले नाहीत.

महाजनींनी त्यांच्या डोक्यात अक्कल घातली नाही, ती होतीच. त्यांनी ती पाहिली आणि वाट मोकळी केली.

पण आगरकर हायस्कुलापर्यंत पोचले तरी. आपल्या कितीतरी पोरी तिथवर जातच नाहीत. म्हणून पहिली-दुसरीची बाई, पहिलीचा मास्तर जास्त मोठा. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे बघा. मांग समाजातली पोर. जेमतेम तीन वर्षं शिकली आणि चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. जिला अक्षर शिवू देत नव्हते, तिला शिक्षकांनी नुसतं वाचायला नाही, विचारायलाही शिकवलं.

मग आपण काय करायचं? लेकरू लवकर काम संपवतं, सारखं "का?" विचारतं, मोठ्यांची पुस्तकं ओढतं, तर ते शाळेत जाऊन सांगायचं. भांडायला नाही, सांगायला. "बाई, हिला अजून एक पुस्तक द्या" एवढंच म्हणायचं. एका वर्गात चाळीस लेकरं सांभाळणाऱ्या शिक्षकाला आपलं सांगणं उपयोगी पडतं. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा बायांच्या. त्या जागेवर नुसती सही करायला बसू नका.

आणि घरी? हुशार पोरीच्या कडेवर धाकटं भावंड देऊन तिला शाळेतून उठवू नका. शिक्षकानं मोकळी केलेली वाट आपणच बंद केली, तर दोष कुणाला द्यायचा?

आमच्या गटातली ती बाई सोमवारी शाळेत जाणार आहे. आम्ही दोघी-तिघी तिच्यासोबत जाणार आहोत.